डबल आयपीए चाखावी कशी आणि जोखावी कशी

आपल्याकडे बिअर मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माइल्ड की स्ट्राँग?" या प्रश्नात चवीला जागा नाही, आहे ती फक्त ताकदीला. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार भारतात ५ टक्क्यांहून अधिक आणि ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर स्ट्राँग गणली जाते, आणि स्ट्राँग म्हणजे बर्फगार, गोडसर, लवकर चढणारी लागर प्रकारची बिअर ही समजूत वर्षानुवर्षांच्या सवयीने पक्की झालेली आहे. अशी सवय असलेल्या माणसाच्या हाती डबल आयपीए, म्हणजे भरपूर कडू आणि ताकदीची बिअर, पहिल्यांदा येते तेव्हा दोनपैकी एक चूक बहुधा होतेच. एकतर तो ती गारेगार करून मोठमोठ्या घोटांनी संपवतो आणि अर्ध्या तासाने खुर्चीतून उठताना भानावर येतो, किंवा पहिल्याच घोटाला तोंड वाकडे करून "हा तर कारल्याचा रस" म्हणत ग्लास बाजूला सारतो. दोन्ही प्रसंगी बिअर चाखायची राहूनच जाते. या प्रकारात ताकद आणि कडवटपणा भरपूर असणार हे गृहीतच आहे. जोखायचे असते ते हे, की ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, ही दोन दांडगी जनावरे एका जुवाला जुंपून किती सफाईने हाकली आहेत.

चाखायला बसण्यापूर्वी या बिअरचे कूळ थोडे ठाऊक असावे, कारण त्यातूनच तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळते. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल (एल हा बिअरचा एक जुना प्रकार), आणि नावातला 'इंडिया' खरा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधील बो येथील हॉजसन यांच्या ब्रुअरीची फिकट रंगाची, भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) घातलेली बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येत असे, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून होणाऱ्या काही महिन्यांच्या प्रवासात ती पिंपातच मुरत असे. ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली होती, ही कथा मात्र रंगवलेली आहे. तशी बिअर इंग्लंडात आधीपासून होतीच, आणि इकडे पोर्टरसारखी काळी बिअरही येत होती. डबल आयपीए ही त्या घराण्यातली फार अलीकडची आणि पूर्णपणे कॅलिफोर्नियाची पिढी आहे. १९९४ साली टेमेक्युला येथील ब्लाइंड पिग या छोट्या ब्रुअरीत व्हिनी सिलुर्झो यांनी नेहमीच्या आयपीएपेक्षा माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) वाढवून आणि हॉप्स जवळजवळ दुप्पट करून 'इनॉग्युरल एल' काढली. जुनाट सामग्रीमुळे चवीत काही दोष उतरलेच तर ते हॉप्सच्या भाराखाली झाकले जावेत, हाही त्यामागचा एक हिशेब होता, असे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. पुढे कॅलिफोर्नियातीलच रशियन रिव्हर ब्रुइंगमध्ये त्यांनीच काढलेली ८ टक्क्यांची 'प्लिनी द एल्डर' या प्रकाराचा मापदंड ठरली. हॉप्सच्या वेलीचा अगदी जुना उल्लेख ज्याच्या लेखनात आहे असे मानतात, त्या रोमन ग्रंथकाराचे नाव तिला दिलेले आहे. दोष झाकण्याची ती मूळ गोष्ट चाखणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी. हॉप्स पुष्कळ काही झाकतात, आणि त्या पडद्याआड डोकावणे हेच परीक्षकाचे अर्धे काम असते.

हॉप्स ही एक वेल असून तिच्या मादी फुलांचे हिरवे कणीस बिअरमध्ये वापरतात. ते चुरडले की आत पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिच्यातील अल्फा आम्ले उकळल्यावर कडू होतात, आणि तिच्यातील सुगंधी तेले मात्र उकळल्यावर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स उकळीच्या सुरुवातीला, तर वासासाठी अगदी शेवटी किंवा आंबवण झाल्यावर घालतात. या शेवटच्या क्रियेला ड्राय हॉपिंग म्हणतात. आपण फोडणीत हिंग आधी घालतो आणि कोथिंबीर गॅस बंद केल्यावर, तसाच हा प्रकार आहे. डबल आयपीएचा वास प्रामुख्याने या उशिरा घातलेल्या हॉप्सचा असतो, आणि तो फार नाजूक असतो.

बाटली उघडण्यापूर्वी

सर्वप्रथम बाटली वा कॅन भरल्याची तारीख शोधावी. ही तारीख न पाहता केलेले परीक्षण बिअरचे नसून तिच्या प्रवासाचे असते. हॉप्सचा ताजा वास पहिल्या एक-दोन महिन्यांत सर्वांत चांगला असतो आणि तोही बिअर सतत थंड राहिली तरच. बाहेरच्या उन्हाळ्यात ठेवलेली बिअर काही आठवड्यांतच कित्येक महिन्यांइतकी म्हातारी होते. ब्रिटिशांच्या काळातली आयपीए समुद्रात मुरून मुंबईला पोहोचत असे, म्हणून आजचीही मुरवावी, असा तर्क काही मंडळी करतात. तो उलटा आहे. ही वाइन नव्हे. प्लिनीच्या लेबलावरच ती ताजी प्यावी, साठवून ठेवू नये, असे बजावलेले असते.

याचा धडा मला एका मित्राने दिला. कॅलिफोर्नियातील एका ब्रुअरीची डबल आयपीए मी तिथे असताना भरल्यापासून नवव्या दिवशी चाखली होती आणि पुण्यात परतल्यावर तिचे इतके गुणगान केले, की एका स्नेह्याने तिची बाटली टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून, सुटकेसमध्ये घालून मे महिन्यात पुण्याला आणली आणि पुढे माझ्या वाढदिवसापर्यंत ती कपड्यांच्या कपाटात जपून ठेवली. जपणूक मायेची होती, पण फ्रिजची नव्हती. त्या बाटलीत काय उरले होते ते पुढे येईलच. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की परदेशी नावाच्या मोहात पडण्यापेक्षा गावातल्या मायक्रोब्रुअरीत परवा टाकीतून निघालेली आयपीए चाखावी. पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या डूलाली या मायक्रोब्रुअरीनंतर अशी सोय मोठ्या शहरांत बऱ्याच ठिकाणी झालेली आहे. (हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे 'डूलाली' हा शब्द इंग्रजीत डोके फिरल्याचा वाचक बनला.)

प्रमाणाचा हिशेबही बाटली उघडण्यापूर्वीच करावा. ८ टक्क्यांच्या अर्धा लिटर बिअरमध्ये ४० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असल्यामुळे ३० मिलिलिटरच्या तीन स्मॉल पेगांत साधारण तेवढेच अल्कोहोल भरते. चाखण्यासाठी माणशी १०० ते १५० मिलिलिटर पुरेसे आहे. एक बाटली चार जणांत वाटून घेणे यात कंजुषी नाही. एका बैठकीत या प्रकारच्या तीनहून अधिक बिअर ठेवू नयेत, कारण कडवटपणा जिभेवर साचत जातो आणि चौथ्या ग्लासापर्यंत परीक्षकाची जीभ बधिर झालेली असते. सौम्य आधी आणि जहाल नंतर, हा क्रम पाळावा. गाडी अर्थातच घरी ठेवावी.

बैठकीची जागा निवडताना मराठी घरात काही खास अडचणी येतात. देवघरातली उदबत्ती, स्वयंपाकघरातली फोडणी, अंगावरचे अत्तर किंवा डिओ यांपैकी कोणताही वास बिअरच्या वासावर सहज मात करतो. दुपारी खाल्लेला पान-तंबाखू संध्याकाळपर्यंत जिभेवर ठाण मांडून असतो. टूथपेस्टचेही तसेच. चाखण्याआधी तासभर पाण्याखेरीज काही तोंडात घालू नये. चकण्याबद्दल माझे मत अनेकांना रुचत नाही, पण मसाला शेंगदाणे, चिवडा आणि कांदा-लिंबू लावलेले पापड चाखून होईपर्यंत समोर आणूच नयेत. मीठ कडवटपणा दडपते, तिखट अल्कोहोलची जळजळ वाढवते, आणि कच्च्या कांद्यानंतर हॉप्सचा वास घेणे म्हणजे ढोल-ताशानंतर तंबोरा लावण्यासारखे आहे. दोन घोटांच्या मध्ये साधे पाणी आणि बिनलोण्याच्या साध्या पावाचा तुकडा एवढेच ठेवावे.

ग्लास पोटाकडे रुंद आणि ओठाकडे किंचित निमुळता असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. ट्युलिपच्या आकाराचा मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा साधा ग्लास चालतो. बिअरचा उंच, सरळ पेला या कामी निरुपयोगी आहे. ग्लासाला तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो, आणि भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास राहिला तर तो हॉप्सचा समजून आपण खुशाल त्याची स्तुती करतो. माझ्याकडून हे झालेले आहे. म्हणून ग्लास गरम पाण्याने दोन-तीनदा विसळून उपडा ठेवून वाळवावा, फडक्याने पुसू नये आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नये. बिअर ओतल्यावर ग्लासाच्या आतल्या बाजूस बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले, तर तो ग्लास स्वच्छ नाही असे समजावे.

फ्रिजमधून काढलेली बिअर साधारण ४ अंशांवर असते. त्या थंडीत वास आणि चव दोन्ही मिटलेले असतात. सात-आठ अंशांपासून सुरुवात करून शेवटचा घोट १२-१३ अंशांपर्यंत यावा, अशी योजना ठेवावी. हिवाळ्यात त्यासाठी बाटली पंधरा मिनिटे बाहेर ठेवावी लागते. एप्रिलमध्ये ओतून गप्पा मारेपर्यंतच काम होते. ओतताना ग्लास तिरका धरावा, अर्धा झाल्यावर सरळ करावा आणि वर दोन बोटे फेस येऊ द्यावा.

आधी नाक

बिअर ओतल्याबरोबर, रंग न्याहाळत बसण्यापूर्वी, वास घ्यावा. काही वास इतके हलके असतात की पहिल्या मिनिटातच उडून जातात, तर रंग कुठेही पळून जात नाही. ग्लास प्रथम नाकाखालून नुसता फिरवावा. मग दोन-तीन आखूड हुंगे घ्यावेत, कुत्रा घेतो तसे. त्यानंतर ग्लासावर तळहात ठेवून बिअर हलकेच घोळवावी, हात काढावा आणि एकदाच खोल श्वास घ्यावा. नाक फार लवकर सरावते आणि चौथ्या-पाचव्या हुंग्याला काहीच येईनासे होते. अशा वेळी स्वतःच्या दंडाचा किंवा मनगटाचा वास घ्यावा, म्हणजे नाक पुन्हा ताळ्यावर येते.

आता जो वास आला त्याला नाव द्यायचे, आणि इथे बहुतेक जण अडतात. पुस्तकांत ग्रेपफ्रूट, पाइन, पॅशनफ्रूट अशी नावे असतात. ती घोकण्यापेक्षा आपल्या बाजारातून वासांची ओळख करून घ्यावी. पपनसाची साल नखाने खरवडावी, म्हणजे कॅस्केड आणि सेंटेनियल या जुन्या अमेरिकन हॉप्सचा गाभा कळतो. संत्र्याच्या सालीचा फवारा, मोसंबीची पांढरी आतली साल, पाडाची कैरी, पिकून किंचित उतरू लागलेला रायवळ आंबा, अननसाचा देठाकडचा भाग, पेरू, लिची यांतून सिट्रा आणि मोझेक यांच्यासारख्या नव्या जातींचे वास उलगडतात. सिमकोसारख्या जातींतला पाइनचा वास ज्यांना परका वाटतो, त्यांनी राळ किंवा धूप न जाळता हुंगून पाहावा, अथवा देवदाराच्या ताज्या फळीजवळ नाक न्यावे. हॉप्स आणि गांजा ही एकाच कुळातली वनस्पती असल्याने कधीकधी त्या उग्र, दमट हिरव्या वासाची आठवण होते. कॅलिफोर्नियाच्या डबल आयपीएमध्ये तो दोष मानत नाहीत. काही जातींत अगदी थोड्या प्रमाणात मांजराच्या मुताचीही छटा असते. ती संयुगे अत्यल्प प्रमाणात फळासारखी भासतात आणि वाढली की नकोशी होतात. अशी छटा जाणवली तर संकोच न करता वहीत तसेच लिहावे.

हॉप्सच्या खाली माल्ट शोधावा. तो भाजलेल्या पावाची कड, मारी बिस्किट किंवा फार तर पातळ मध एवढाच असावा. काकवी, टॉफी, चिक्की असे वास पुढे येऊ लागले तर एकतर ब्रुअरने कॅरमेल माल्ट जास्त वापरला आहे किंवा बिअर जुनी झाली आहे. या दोहोंतला भेद हॉप्सवरून होतो. पहिल्या प्रकरणात हॉप्स टवटवीत असतात, दुसऱ्यात ते कोमेजलेले असतात.

जे काही जाणवले ते बोलण्याआधी लिहावे. आमच्या चार-पाच जणांच्या महिनेवार बैठकीत हा एकमेव कडक नियम आहे, कारण कुणी एकाने "आंबा" म्हटले की सगळ्यांना आंबाच येऊ लागतो.

रंगरूपाला फार वेळ देऊ नये. सोनेरी ते फिकट तांबूस रंग, वर पांढरा, टिकणारा फेस आणि घोटागणिक ग्लासाला चिकटत जाणारी त्याची जाळी एवढे पाहिले की पुरे. कॅलिफोर्नियाच्या पद्धतीची बिअर स्वच्छ किंवा किंचित धूसर असते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातून पसरलेली गढूळ पद्धत हा वेगळा प्रकार आहे, तेव्हा एकीचे माप दुसरीला लावू नये. गढूळ बिअर राखाडी किंवा तपकिरीकडे झुकलेली दिसली तर मात्र तिला हवा लागली आहे असे समजावे.

मग घोट

पहिला घोट फक्त तोंड ओले करण्यासाठी असतो; त्यावरून मत बनवू नये. पाणी पिणाऱ्या जिभेला कोणताही कडवटपणा पहिल्यांदा अंगावर आल्यासारखाच वाटतो. दुसरा घोट जरा मोठा घ्यावा, दोन-तीन सेकंद जिभेवर सगळीकडे फिरू द्यावा, गिळावा आणि लगेच तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोडावा. घशामागून नाकात शिरणाऱ्या त्या वासातच बिअरची बरीचशी चव असते. सर्दीत जेवण बेचव लागते ते याच कारणाने. वाइनप्रमाणे बिअर थुंकत नाहीत. कडू चव जिभेच्या फक्त मागच्या टोकाला कळते, असे दाखवणारा शाळेतला नकाशा खरा नाही, पण ती उशिरा येते आणि उशिरापर्यंत राहते एवढे खरे, आणि गिळल्यानंतरचे ते अर्धे मिनिट न पाहता या बिअरबद्दल काही बोलणे व्यर्थ आहे.

कडवटपणा किती आहे यापेक्षा तो कसा आहे हे पाहावे. लेबलवर आयबीयू नावाचा आकडा असतो. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल. बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बीजेसीपी या अमेरिकन संस्थेच्या निकषांनुसार डबल आयपीएचे आयबीयू ६० ते १०० आणि अल्कोहोल ७.५ ते १० टक्के असते. या आकड्याची फुशारकी मारणारी लेबले मला नेहमीच संशयास्पद वाटतात, कारण आकडा बहुतेकदा गणिताने काढलेला असतो आणि जिभेला तो एकटा कळत नाही, माल्टच्या गोडव्याशी मिळूनच कळतो. जास्त साखर उरलेल्या बिअरमधले ८० आयबीयू बोथट वाटतात, आणि कोरड्या बिअरमधले ६० धारदार.

आपल्या जिभेला कडूच्या जाती चांगल्या ठाऊक आहेत. त्या शिदोरीचा उपयोग करावा. मेथीच्या भाजीचा कडवटपणा येतो, जाणवतो आणि पुढचा घास मागतो. कडू वालांच्या उसळीतला कडवटपणा गुळाच्या आधाराने उभा असतो. काडेचिराइताचा काढा मात्र जिभेला चिकटून बसतो आणि दुसऱ्या घोटाची इच्छा मारतो. चांगल्या डबल आयपीएचा कडवटपणा पहिल्या जातीचा असतो. तो ठाम असतो, पण पपनसाच्या पांढऱ्या सालीसारखा स्वच्छ असतो आणि दहा-पंधरा सेकंदांत ओसरू लागतो. याउलट हिरड्या आवळून धरणारा, कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा आला तर हॉप्सचा पालापाचोळा बिअरमध्ये जास्त वेळ राहिल्याची शंका घ्यावी. घशात मिरे अडकल्यासारखी टोचणी लागली तर बिअर फारच ताजी आहे आणि हॉप्सचे कण अजून तळाशी बसलेले नाहीत. ती आठवडा-दोन आठवडे थंडीत उभी ठेवली की हा त्रास पुष्कळदा जातो.

आता ताकद. गिळल्यावर छातीत हलकी ऊब यावी, जळजळ येऊ नये. ८ टक्क्यांची चांगली बिअर ६ टक्क्यांची वाटते, आणि हेच तिचे कौशल्य आणि हाच तिचा धोका. यासाठी ब्रुअर माल्टसोबत थोडी साधी साखर घालतात. यीस्ट ती साखर पूर्ण खाऊन टाकते, त्यामुळे अल्कोहोल वाढते पण बिअरच्या अंगात, म्हणजे तोंडातल्या तिच्या दाटपणात, जडपणा उरत नाही. हीच युक्ती आपल्या ओळखीच्या पुष्कळ स्ट्राँग लागर बिअरमध्येही असते. फरक एवढाच, की तिथे अल्कोहोलला तोलून धरायला हॉप्स जवळपास नसतात, म्हणून ते उघडे पडते. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनरसारखा वास आणि कपाळाशी झिणझिण्या आणणारी जळजळ हे आंबवण तापलेल्या तपमानात घाईने उरकल्याचे लक्षण आहे.

ग्लासातला शेवटचा तिसरा हिस्सा मुद्दाम बाजूला ठेवावा आणि वीस मिनिटांनी चाखावा. थंडी ज्या गोष्टी झाकते त्या आता उघड होतात. गोडवा चिकट झाला का, अल्कोहोल वर आले का, कडवटपणा एकटा पडला का, हे तीन प्रश्न विचारावेत. सुरुवातीला भारावून टाकणाऱ्या कित्येक बिअर या वेळी आपले खरे रूप दाखवतात, आणि माझे अंतिम गुण मी या घोटानंतरच लिहितो.

पडद्याआडचे दोष

हॉप्सच्या दाट वासातून दोष हेरायचे तर ते वेगळे ओळखून ठेवलेले बरे. लोणी किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा म्हणजे डायअसिटिल. डबल आयपीएमध्ये तो एका खास मार्गाने येतो. ड्राय हॉपिंगच्या वेळी हॉप्समधले एन्झाइम न आंबलेल्या शर्करांचे तुकडे करतात, झोपलेले यीस्ट पुन्हा कामाला लागते, आणि ते काम पुरे होण्याआधी बिअर भरली गेली तर लोणी आतच राहते. हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या आंबवणाचा, उकडलेल्या मक्याचा वास नीट न उकळल्याचा, आणि जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास शिळ्या हॉप्सचा. कांदा-लसणाचा वास हॉप्स उशिरा खुडल्याने येऊ शकतो. मला तो असह्य होतो, काहींना आवडतो. जळक्या रबरासारखा तीव्र वास आला तर बाटलीला ऊन लागलेले आहे. प्रकाशाने हॉप्समधील कडू आम्ले फुटून गंधकाचे संयुग तयार होते. तपकिरी बाटली त्यापासून बरेच रक्षण करते, हिरवी फारसे करत नाही, आणि कॅनला ही भीतीच नसते.

सर्वांत जास्त भेटणारा दोष मात्र हवेचा आणि उष्णतेचा आहे, आणि तो शिकण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. एकाच दिवशी भरलेले एकाच बिअरचे दोन कॅन आणावेत, एक फ्रिजमध्ये आणि दुसरा माळ्यावर तीन आठवडे ठेवावा. मग दुसराही थंड करून, घरातल्या कुणाला तरी तीन सारख्या ग्लासांत आपल्या नकळत ओतायला सांगावे, दोन ग्लासांत एका कॅनची आणि तिसऱ्यात दुसऱ्याची. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचे. पहिल्यांदा आमच्यापैकी दोघे चुकले, त्यांत मी एक होतो. चार महिन्यांनी तोच प्रयोग केला तेव्हा ग्लास नाकाजवळ येताच फरक कळला.

वहीतली नोंद

गुण देण्यासाठी बीजेसीपीची ५० गुणांची पद्धत सोयीची आहे. तिच्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील जाणिवेला म्हणजे अंग, बुडबुडे, ऊब, तुरटपणा यांना ५, आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. गुण देताना "मला आवडली का" आणि "ही आपल्या जातीला जागली का" हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. मला स्वतःला गढूळ, रसाळ आयपीएपेक्षा कोरडी आणि राळेच्या वासाची आवडते, म्हणून गढूळ बिअरला गुण देताना मी अधिक सावध असतो. नवशिक्यांचे सगळे गुण ३० ते ३५ च्या दरम्यान दाटीवाटीने बसतात. वासाला १२ पैकी ४ देण्याचे धैर्य यायला वेळ लागतो.

नोंदीच्या माथ्यावर बिअरचे नाव, भरल्याची तारीख, चाखल्याची तारीख आणि बाटली कुठून कशी आली हे लिहावे. माझ्या वहीत त्या कॅलिफोर्नियाच्या बिअरच्या दोन नोंदी समोरासमोरच्या पानांवर आहेत. पहिली अशी आहे: "भरल्यापासून ९ दिवस, थेट ब्रुअरीत. पपनसाची साल, राळ, मागे कैरी. माल्ट पावाच्या कडेइतकाच. कडवटपणा ठाम, गिळल्यावर लवकर विरतो. ऊब शेवटच्या घोटापर्यंत कळली नाही. ११, ३, १७, ४, ९, एकूण ४४." दुसरी वाढदिवसाच्या रात्रीची आहे: "भरल्यापासून ४ महिने, सुटकेस आणि कपाट. रंग एक छटा गडद. पपनस नाही. काकवी, मनुका, तळाशी ओला पुठ्ठा. कडवटपणा आहे तेवढाच आहे, पण सोबतीला कुणी नसल्याने रेंगाळतो. ४, २, ९, ४, ४, एकूण २३." बाटली आणणारा मित्र समोर बसलेला असल्याने मी त्या रात्री आकडा वाचून दाखवला नाही. बऱ्याच दिवसांनी दोन्ही पाने शेजारी पाहताना लक्षात आले की तोंडातील जाणिवेला दोन्हीकडे ४ च गुण पडले आहेत. कपाटातल्या उन्हाळ्याने वास नेला, चव नेली, रंग बदलला. बिअरचे अंग आणि तिचे बुडबुडे मात्र बुचाखाली जसेच्या तसे होते.